गाडी जपलेली होती, पण पुरावा मराठीत होता

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी १९७४ पासून मिशिगनमध्ये राहते आणि तुमचा पेपर रोज सकाळी फोनवर वाचते, पत्र मात्र पहिल्यांदाच लिहितेय. अमेरिकेतल्या जुन्या गाड्यांच्या लिलावाच्या बातम्या अधूनमधून आपल्या पेपरांत येतात, अमुक गाडी इतक्या कोटींना गेली वगैरे, आणि अशी बातमी आली की आमच्या घरच्या ग्रुपवर कोणीतरी ती टाकतंच. त्यात गेल्या मे महिन्यात मी आमची १९६५ ची शेवरोले इम्पाला विकली, तेव्हापासून भाचे-भाच्या, चुलत-मावस सगळ्यांचा एकच प्रश्न, मावशी किती कोटी आले? प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहावं असं वाटलं, कारण यात पैशापेक्षा दुसरंच काहीतरी सांगण्यासारखं आहे आणि ते मराठी माणसालाच कळेल असं मला मनापासून वाटतं.

आधी आकडा सांगते म्हणजे उत्सुकता संपेल. साडेअठरा हजार डॉलर आले. मी समाधानी आहे.

कोटी का नाही आले तर त्याला कारणं आहेत. १९६५ साली शेवरोलेने एकट्या इम्पालाच दहा लाखांच्या वर विकल्या होत्या, म्हणजे दुर्मीळ म्हणावी अशी ही गाडी कधी नव्हतीच, घराघरात होती. दुसरं म्हणजे आमची चार दारांची. जुन्या गाड्यांच्या बाजारात दोन दारांची कूपे किंवा उघड्या टपाची कन्व्हर्टिबल असेल तर लोक तुटून पडतात, चार दारांच्या गाडीला इथे मोअर-डोअर म्हणतात आणि तोंड जरा वाकडं करतात. आमची हार्डटॉप होती, म्हणजे मधला खांबच नाही, चारही काचा खाली केल्या की पुढच्या काचेपासून मागच्या काचेपर्यंत बाजू सगळी मोकळी. मला विचाराल तर त्या वर्षीच्या गाड्यांत ह्याहून देखणी गाडी नव्हती, पण बाजार माझ्या डोळ्यांनी बघत नाही. इंजिन पण साधंच, २८३ क्युबिक इंचांचं व्ही-एट म्हणजे आठ सिलिंडरचं, १९५ हॉर्सपॉवर, आणि दोनच गिअरचं पॉवरग्लाइड ऑटोमॅटिक. मोठं ३९६ चं इंजिन असतं तर गोष्ट वेगळी झाली असती.

आणि ती जी बातमी सगळे पाठवतात, जानेवारी २०२० मध्ये फ्लोरिडात किसिमीच्या लिलावात १९६८ ची हिरवी मस्टँग फी धरून ३७ लाख ४० हजार डॉलरला गेली ती, तिचं नीट वाचाल तर सिनेमात वापरलेली गाडी एवढंच कारण नाहीये. ती १९७४ मध्ये एका कुटुंबाने ६ हजार डॉलरला घेतली, घरच्या बाई शाळेत शिकवायला त्याच गाडीने जायच्या, आणि विकताना ती गाडी चकाचक केलेली नव्हती, रंग उडालेला, पोचे आलेले, होती तशीच्या तशी स्टेजवर आणली. तशीच्या तशी, हा शब्द लक्षात ठेवा, कारण आमच्या गाडीला जी काही किंमत आली ती त्याच शब्दाची आली.

आमची गाडी आमच्याकडे कशी आली ते थोडं सांगते. १९७९ साल. इराणमधल्या क्रांतीनंतर पेट्रोल महागलं होतं, पंपावर रांगा होत्या, काही राज्यांत तर नंबरप्लेटचा शेवटचा आकडा सम की विषम ते बघून पेट्रोल देत होते, आणि ज्याच्याकडे मोठी व्ही-एट असेल तो ती मिळेल त्या भावात काढून छोटी जपानी गाडी घेत होता. आमच्या शेजारी एक म्हाताऱ्या बाई होत्या, त्यांच्या यजमानांनी ही गाडी नवी घेतलेली, ते गेल्यावर ती गॅरेजमध्ये उभीच होती, मीटरवर २३,१०० मैल. ह्यांनी ६०० डॉलरला घेतली. सगळ्यांनी वेड्यात काढलं, आमच्या मित्रांपैकी एकालाही पटलं नाही, पावणेअठरा फूट लांबीची गाडी, पेट्रोल पिणारी, दोन माणसांच्या संसाराला कशाला. पण ह्यांचं त्या गाडीवर मन बसलं त्याचं एक कारण मला नंतर कळलं. फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि बसायची जागा ह्यांच्या मधल्या पत्र्यावर, जी पट्टी असते तिच्यावर गाडीची बॉडी कधी तयार झाली ते लिहिलेलं असतं, आधी महिन्याचा आकडा आणि मग आठवड्याचं अक्षर, आमच्या पट्टीवर ०३सी होतं, म्हणजे मार्च १९६५ चा तिसरा आठवडा. आणि त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला प्रेसिडेंट जॉन्सननी न्यूयॉर्कला स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यापाशी तो इमिग्रेशनचा कायदा सही केला ज्याच्यामुळे आमच्यासारख्यांना इकडे यायला वाट झाली. हे म्हणायचे, ही गाडी आणि आपली वाट एकाच वर्षी तयार झाली. मला तेव्हा हे नुसतं बोलणं वाटायचं.

ह्यांनी पहिल्या दिवसापासून वही घातली. साधी एकरेघी वही, पुढे ती भरली म्हणून दुसरी, आणि सगळं मराठीत. तारीख, मीटरचा आकडा, काय केलं, किती पैसे गेले. आकडे पण मराठी. एकदा मी विचारलं होतं की इंग्रजीत का नाही लिहीत, तर म्हणाले दिवसभर इंग्रजीतच लिहितो, हे माझं आहे. ह्या दोन वह्यांमध्ये पंचेचाळीस वर्षं आहेत. तेल बदललं, बेल्ट बदलला, नोव्हेंबरमध्ये बॅटरी काढून आत नेली, डिकीत आणि सीटखाली डांबरगोळ्या ठेवल्या, एप्रिलमध्ये गाडी बाहेर काढली. हिवाळ्यात ती कधीही रस्त्यावर गेली नाही, एकदाही नाही, कारण इथे बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात आणि त्या मिठाने पत्रा खालून खाल्ला जातो. डेट्रॉइट शहराच्या खालीच मिठाची खाण आहे, तेव्हा मिठाला तोटा नाही. आमच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या त्याच वयाच्या गाड्या पंधरा वर्षांत मागच्या चाकांच्या मागून कुजून गेल्या.

आता गाडी जपणं म्हणजे काय ह्याबद्दल आमचं आणि बऱ्याच लोकांचं कधीच जमलं नाही. बॉनेटच्या कडेला रंग इतक्या वेळा पॉलिश करून पातळ झाला होता की खालचा प्रायमर दिसायला लागला. त्या काळी जीएमच्या गाड्यांना लॅकर रंग असायचा, त्याची चमक वेगळीच, खोल, पण तो घासला की झिजतो. आमची आर्टेशियन टर्क्वॉइझ, म्हणजे निळा आणि हिरवा ह्यांच्या मधला कुठलातरी रंग, आपल्याकडे मोरपंखी म्हणतात त्याच्या जवळचा पण फिकट. एका गॅरेजवाल्याने, नाव कशाला घेऊ, ह्यांना सांगितलं होतं की पूर्ण गाडी सोलून नवीन रंग मारा, सीटचं कापड बदला, क्रोम नवा करा, किंमत दुप्पट होईल. हे नाही म्हणाले. इथल्या जुन्या गाड्यांच्या लोकांत एक बोलणं आहे की गाडी ओरिजिनल एकदाच असते, आणि खरंच आहे ते, नवा रंग कधीही मारता येतो, कारखान्याचा रंग परत कसा मारणार. अशा न सोललेल्या गाडीला इथे सर्व्हायव्हर म्हणतात. १९३५ पासून चालत आलेला अँटिक ऑटोमोबाइल क्लब ऑफ अमेरिका आहे, त्यांच्या प्रदर्शनात अशा गाड्यांसाठी एक वेगळा वर्गच आहे, तिथे पातळ झालेला रंग आणि थोडं विटलेलं कापड ह्यांनाच मान असतो.

हे २०२१ ला गेले. मुलगा सिॲटलला अपार्टमेंटमध्ये राहतो, त्याच्याकडे जागा नाही आणि मी त्याला भरीलाही घातलं नाही, आपल्याला जड झालेली गोष्ट मुलाच्या गळ्यात घालायची हे मला पटत नाही. मी स्वतः ती गाडी चालवलेली आहे पण आता पॉवर नसलेलं ते स्टिअरिंग माझ्या खांद्याला झेपत नाही. उभी ठेवली तर गाडी मरते, पेट्रोल खराब होतं, ब्रेकचे सिलिंडर अडकून बसतात, उंदीर येतात. म्हणून विकायची ठरवली. सगळ्यात आधी टायटल, म्हणजे गाडीच्या मालकीचा कागद, माझ्या एकटीच्या नावावर करून घेतलं, हे काम ज्यांचं राहिलं असेल त्यांनी लगेच करा, गिऱ्हाईक दारात उभं असताना मृत्यूचा दाखला शोधत बसायची वेळ येऊ नये.

मग जाहिरात टाकली. पन्नासेक फोटो घातले, चांगल्याबरोबर वाईटपण, बॉनेटची कड, ड्रायव्हरच्या सीटची उसवलेली शिवण, डिकीतला एक गंजाचा ठिपका, आणि पुढचं डावं मडगार्ड १९८३ मध्ये एकदा रंगवलंय हे लिहून टाकलं कारण ते वहीत होतं. मैल लिहिले ६१,२४८. आणि पुरावा म्हणून वहीच्या दोन पानांचा फोटो टाकला. मोठ्या अभिमानाने टाकला.

दोन दिवसांनी एका माणसाचा मेसेज आला, भाषा सभ्य होती पण मजकूर वाचून माझे हात थरथरायला लागले. त्याने लिहिलं होतं की तुमच्याच वहीत जून १९८८ ला मीटर ८९,०३० दिसतंय मग आज ६१,२४८ कसं, मीटर मागे फिरवलंय का? इथे मीटर मागे फिरवायला १९७२ पासून फेडरल कायद्याने बंदी आहे, आज तो गुन्हा आहे. ज्या माणसाने प्रत्येक ग्रीसचा खर्च लिहून ठेवला त्याच्यावर हा आरोप. मी रात्रभर झोपले नाही. सकाळी वही उघडून ती ओळ काढली तर तिथे स्वच्छ लिहिलेलं, ४१,०३०. मग लख्खकन कळलं. आपला ४ त्यांना त्यांच्या 8 सारखा दिसतो आणि आपला १ दिसतो 9 सारखा. ४१ चे ८९ झाले. शून्य आणि तीन तर जवळजवळ सारखेच, म्हणजे संशय यायला काहीच अडचण नाही. त्या माणसाची चूक नव्हती, मी त्याला तसं लिहिलं आणि आकड्यांचा तक्ता पाठवला, त्याने माफी मागितली. गाडी त्याने घेतली नाही, पण ते असो.

ह्यात मीटरचा भाग समजून घ्या कारण जुन्या अमेरिकन गाड्यांचा सगळ्यात मोठा प्रश्न तोच असतो. त्या गाड्यांना मैलाचे पाचच आकडे. ९९,९९९ झाले की परत शून्यापासून सुरू. म्हणजे मीटरवर ६१,२४८ दिसत असेल तर ते १,६१,२४८ नाहीत कशावरून? आणि २०१० पर्यंतच्या मॉडेलच्या गाड्यांना विकताना मैल लिहून द्यायची फेडरल सक्तीच नाही, सवलत आहे, म्हणजे सरकारी कागद त्यात काही मदत करत नाही. इंजिन मूळचं आहे की बदललेलं ह्याचीही तीच गत, लोक नंबर्स मॅचिंग नंबर्स मॅचिंग करतात पण १९६५ च्या इम्पालाच्या गाडी-नंबरात इंजिन कुठलं ते येतच नाही, सहा सिलिंडर की आठ एवढंच कळतं. आमच्याकडे नशिबाने ग्लव्ह बॉक्समध्ये ती छोटी पत्र्याची पट्टी होती, प्रोटेक्ट-ओ-प्लेट, ती शेवरोलेने १९६५ पासूनच द्यायला सुरुवात केली, तिच्यावर पहिल्या मालकाचं नाव, गाडीचा नंबर आणि इंजिन-गिअरबॉक्सचे कोड उठवलेले असतात, ते इंजिनच्या ब्लॉकवरच्या शिक्क्याशी जुळवून बघता येतात. इंजिनाचं त्याने भागलं. मैलांचा पुरावा मात्र फक्त ह्या दोन वह्या, दर दोन-तीन महिन्यांनी एक आकडा, कुठेही उडी नाही.

तर मी त्या दोन्ही वह्या इंग्रजीत करायला बसले. तीन आठवडे लागले. रोज दुपारी जेवण झालं की वही, भिंग आणि लॅपटॉप. तेल आणि बेल्ट सोपं आहे हो, पण मध्ये मध्ये दुसरंच काहीतरी यायचं. "२६,८८०. चिरंजीवांना हॉस्पिटलातून ह्याच गाडीतून आणले. मागच्या सीटवर चादर घातली." हे गाडीच्या नोंदीत येतं की नाही, मी दोन दिवस विचार केला आणि मग तसंच इंग्रजीत लिहिलं, कारण तिथेही मीटरचा आकडा आहे. १९९६ ला शिशाचं पेट्रोल रस्त्यावरच्या गाड्यांसाठी पूर्ण बंद झालं त्या वर्षीचं अर्धं पान फक्त व्हॉल्व्हच्या काळजीचं आहे, कारण त्या इंजिनाच्या व्हॉल्व्हच्या बैठकी शिशाच्या पेट्रोलवर चालायच्या हिशोबाने केलेल्या होत्या. २००९ ला पेट्रोलची रबरी नळी बदलली, इथेनॉलने जुनं रबर मऊ पडतं म्हणून, आणि काढलेली जुनी नळीसुद्धा पुठ्ठ्याच्या खोक्यात चिठ्ठी लावून ठेवलेली. काढलेला एकही मूळ पार्ट टाकलेला नाही. अशी सात खोकी निघाली.

सगळ्यात अडले मी आवाजांपाशी. ह्यांनी लिहिलंय कुरकुर, करकर, खडखड, घरघर, टकटक, एके ठिकाणी नुसतं "चीं". इंग्रजीत मी पहिल्यांदा सगळीकडे नॉइज लिहिलं आणि माझ्याच लक्षात आलं की सगळी माहिती त्यात गेली. कुरकुर सीटच्या स्प्रिंगची, करकर कोरड्या सांध्याची, खडखड सैल पत्र्याची, घरघर सायलेन्सरची, टकटक इंजिनातल्या टॅपेटची. आपल्या माणसाला नुसता शब्द वाचून पाना कुठे लावायचा ते कळतं. इंग्रजीतही शब्द असतीलच, मला ते येत नव्हते, म्हणून शेवटी मी मराठी शब्दच रोमन अक्षरांत ठेवले आणि खाली एकेकाचा अर्थ दोन-दोन ओळींत लिहिला.

मधल्या काळात फोन येत होते. एका दलालाने गाडी न बघताच ९ हजार सांगितले, आणि आज हो म्हणा उद्या नाही मिळणार म्हणाला, मी म्हटलं नको मिळू देत. एकाने माझ्या मागण्यापेक्षा ४ हजार जास्त रकमेचा कॅशियर्स चेक पाठवतो, वरचे पैसे गाडी न्यायला येणाऱ्या ट्रान्सपोर्टवाल्याला द्या असं सांगितलं. हा नुसता फसवणुकीचा धंदा आहे, चेक खोटा असतो, बँक पैसे एक-दोन दिवसांत खात्यात दाखवते, आपण वरचे चार हजार पाठवून मोकळे होतो आणि मग आठवड्या-दोन आठवड्यांनी चेक खोटा निघाला की सगळी रक्कम आपल्याच खात्यातून जाते. इथे एकट्या राहणाऱ्या आपल्या बायका वाचत असतील तर कृपा करून हे लक्षात ठेवा, चेक खात्यात दिसणं म्हणजे वटणं नव्हे.

आणखी एक मुलगा आला होता, फार गोड मुलगा, त्याला गाडी खाली बसवून हायड्रॉलिक लावायचे होते, लोरायडर करायची होती. ती कला आहे हे मी मानते, लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन वस्त्यांतून ती आली, जिप्सी रोज नावाची १९६४ ची इम्पाला तर २०१७ मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर काचेच्या खोलीत ठेवली होती. पण मी त्याला सांगितलं की त्यासाठी आधीच कापलेली, रंगवलेली गाडी घे, तशा भरपूर मिळतात, ही कापू नकोस. तो खाली बसून बराच वेळ गाडीकडे बघत राहिला आणि तुमचं बरोबर आहे म्हणाला. त्याचा दोन हजारांनी जास्तीचा आकडा होता. मुलाला फोनवर सांगितलं तर म्हणाला आई तुझी गाडी तुझा निर्णय.

ज्याने घेतली तो लॅन्सिंगच्या बाजूचा, पस्तिशीतला, मुलांना मोटार दुरुस्ती शिकवतो. तो आला तो गाडीभोवती एक फेरी मारून थेट खाली आडवा झाला. टॉर्च, छोटी हातोडी, रंगाची जाडी मोजायचं यंत्र, लोहचुंबक. पुटी भरलेली असेल तिथे चुंबक चिकटत नाही. सगळीकडे यंत्र एकसारखा पातळ आकडा दाखवत होतं, डाव्या मडगार्डवर दुपटीच्या वर गेलं, त्याने माझ्याकडे बघितलं, मी वही काढून १९८३ चं पान दाखवलं. तिथून पुढे त्याचा चेहराच बदलला.

चालवायला द्यायच्या आधी मी त्याला थांबवून ब्रेकचं सांगितलं. त्या वर्षीच्या इम्पालाला मास्टर सिलिंडर एकेरी, चारी चाकांना मिळून एकच सर्किट, कुठेही एका ठिकाणी गळती झाली की पेडल तळाला जातं आणि चारी ब्रेक एकदम जातात. दुहेरी सिलिंडर १९६७ पासून आले. चारी बाजूंना ड्रम, ओले झाले की धरत नाहीत. टायरची नक्षी चांगली दिसते पण टायर बारा वर्षांचे झालेत, हायवेवर नेऊ नकोस, आधी बदल. हे सगळं त्याला माहीत होतं, तो शिकवतोच हे, पण ज्याला माहीत नाही त्याला विकणाऱ्याने सांगितलंच पाहिजे. जुनी वस्तू आहे, जशी आहे तशी घ्या असं लिहून हात झटकता येतात, कायद्याने चालतंही, पण गाडीत माणसं बसतात. भाव कमी झाला तरी चालेल असं मी ठरवलेलंच होतं. तो टायरचे पैसे वजा करतो म्हणाला, मी हो म्हटलं, म्हणून एकोणीसचे साडेअठरा झाले. घासाघीस म्हणाल तर तेवढीच.

पैसे त्याच्या बँकेत, काउंटरवर माझ्यासमोर चेक तयार करून घेतला, आणि मग आम्ही दोघं एकत्रच सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या ऑफिसात गेलो. मिशिगनमध्ये गाडीचे कागद तिथे होतात. टायटलवर सह्या, त्याने ६ टक्के टॅक्स भरला, नंबरप्लेट मी काढून घेतली कारण इथे प्लेट गाडीबरोबर जात नाही. विम्याला त्यानंतर फोन केला, आधी नाही.

वह्या द्यायच्या की नाही हा एकच प्रश्न राहिला होता. अक्षर ह्यांचं. सुनेने सगळी पानं स्कॅन करून दिली, मुलगा म्हणाला मूळ वह्या तू ठेव. मी दिल्या. गाडीपासून वही वेगळी केली तर दोन्हीतला अर्थ जातो असं मला वाटलं, सात खोकी दिली तशाच वह्या दिल्या. शेवटची नोंद मी केली, ६१,२४८, तारीख, आणि गाडी कोणाला दिली ते. अक्षर सारखं नाही पण आकडे मराठीच लिहिले.

ऑगस्टमध्ये त्याचा फोन आला. ऐतिहासिक प्लेट लावलेल्या गाड्या मिशिगनमध्ये एरवी प्रदर्शन, परेड, क्लबच्या कामालाच काढता येतात, ऑगस्टमध्ये मात्र रोज चालवायची मुभा असते, त्यामुळे तो कामावर इम्पालाच नेत होता. म्हणाला डाव्या बाजूने आवाज येतोय. मी विचारलं कसला, तर म्हणाला तेच विचारायला फोन केलाय, तुमच्या शब्दांत सांगतो, आणि मग फोनवर एकेक शब्द म्हणून बघायला लागला, खडखड नाही, कुरकुर नाही. मी विचारलं वळताना येतो का? म्हणाला हो, डावीकडे वळताना. मग करकर. त्याला म्हटलं पहिली वही काढ, जून १९८८ चं पान बघ. तो पानं उलटत होता ते मला ऐकू येत होतं, आणि मग त्याने माझ्या तक्त्यावरून सावकाश आकडा वाचला, चार, एक, शून्य, तीन, शून्य. ती ओळ मला पाठ आहे, मी त्याला आधी मराठीत म्हणून दाखवली आणि मग इंग्रजीत. डावीकडे वळताना करकर, खालच्या बॉल जॉइंटला ग्रीस, गेली.

तासाभराने त्याचा मेसेज आला, गेली.

आपली,
मिशिगनमधली एक वाचक